दोन अक्षरांची जागा

मी पपायरसचा एक तुकडा बोलतो आहे. तळहाताएवढा, चारही कडांनी कुरतडलेला. नाईलकाठी उगवणाऱ्या उंच लव्हाळ्याच्या पट्ट्या उभ्या-आडव्या दाबून मला घडवलं आणि कुणा ग्रीक लेखनिकाने काजळीच्या शाईने माझ्यावर एक पुराणकथा उतरवली. ती कथा आज जगात अन्यत्र कुठेही नाही. गुंडाळी फाटून उकिरड्यावर गेली. कोरड्या वाळूने तेवढं मला राखलं.

पुण्यात मी श्रीनिवासरावांच्या दिवाणखान्यात काचेखाली होतो. त्यांच्या आजोबांनी मला परदेशातून आणलं होतं. यंदा त्यांनी मला विद्यापीठातल्या अस्मिताबाईंच्या स्वाधीन केलं.

माझ्यावरचं मला वाचता येत नाही. बाईंनी भिंगाखाली एकेक अक्षर उच्चारलं, तेव्हा मला माझी गोष्ट कळली. समुद्रदेवाने मुलगी पळवली. आई तळापर्यंत उतरली. शेवटची ओळ अशी: 'आईने हाक मारली. मुलगी … आली.'

मधली शाई निघालेली. तिथे ग्रीकची दोनच अक्षरं मावतात. एक जोडी घातली तर मुलगी येते. दुसरी घातली तर येत नाही.

बाईंनी श्रीनिवासरावांना बोलावून घेतलं.

"या ओळीवरची ही चिकटपट्टी आपण लावलीत?"

"हो, गेल्या दिवाळीत. जुनी पिवळी पडली होती, काढून टाकली."

"टाकलीत?"

"मग काय, तिची पूजा मांडायची होती?"

"शाई तिला चिकटली होती. अक्षरं तिच्याबरोबर गेली."

श्रीनिवासरावांनी चष्मा काढून उगाच पुसला. "दोनच ना? मग 'मुलगी आली' असंच लिहून टाका. कोण ग्रीक इथे तक्रार करायला येतोय?"

"मी आहे ना."

त्या क्षणी मला खोटंही चाललं असतं. श्रीनिवासराव गेल्यावर बाईंनी वहीतल्या नकलेत त्या जागी कंस घातला, आत हरवलेल्या अक्षरांची दोन टिंबं दिली आणि कितीतरी वेळ त्यांवर बोट टेकवून बसल्या. पण अक्षर त्यांनी लिहिलं नाही.

आता मी विभागाच्या लोखंडी कपाटात आहे. शोधण्याजोगं काही उरलेलं नाही. समुद्राच्या तळाशी ती आई हाक मारून उभी आहे. मुलगी येत नाही; आली नाही, असंही म्हणता येत नाही. वाचकहो, त्या आईला दिलासा द्यायचा मोह झालाच, तर तो आपल्या नावाने द्या. माझ्या नावाने नको.