दोन थापा

"हात फिरव. लांबीनं नाई, आडवा फिरव."

फय्याजने ट्रकच्या मागच्या चाकावर तळहात आडवा फिरवला.

"काय लागलं?"

"टायर लागलं, उस्ताद. दुसरं काय लागन?"

शफीकने त्याचे मनगट धरले आणि तोच हात उलट दिशेने जोरात ओढला. या वेळी रबराच्या कडा करवतीच्या दातांसारख्या बोचल्या. फय्याजने हात झटकला. सरळ धावणाऱ्या चाकाची अशी झीज होत नाही. एका अंगाने हात गुळगुळीत जातो आणि दुसऱ्या अंगाने अडकतो, तेव्हा ते चाक आडवे फरफटलेले असते. शफीकने खिशातला पेचकस काढून टायरच्या बाहेरच्या काठातून एक लाल खडा उकरला आणि फय्याजपुढे धरला.

"वाशीम ते मेडशी सारा रस्ता काळा. मुरूम हाय तो घाटात, तिसऱ्या मोडावर, अन् तोबी दरीकडच्या कडंले. मधून जानाऱ्याच्या चाकाले तो लागत नाई. किती डाव शेपूट मारली?"

फय्याज हसला. ते हसू पाहून शफीकच्या कानशिलाची शीर उडायला लागली, कारण ते हसू त्याला ओळखीचे होते. अकरा वर्षांपूर्वी ते त्याच्याच तोंडावर असायचे.

शेपूट मारणे म्हणजे घाटाच्या उतारावर, वळणाच्या अलीकडे, स्टिअरिंगचे चाक एकदम कापायचे आणि ब्रेकला हलकी लाथ द्यायची. ट्रकचा मागचा भाग मुरुमावरून बाहेर झाडला जातो, तोंड वळणात शिरते, धूळ उडते आणि वळणावरच्या चहाच्या टपरीत बसलेली माणसे टाळ्या वाजवतात. त्या वळणाला टपरीवाले 'शफीक मोड' म्हणत. घाटात शेपूट मारणारा पहिला माणूस शफीकच होता. आता तो सेहेचाळीस वर्षांचा होता. वाशीमला दुलीचंद सेठच्या, कापसाची सरकी काढणाऱ्या जिनात गाड्या दुरुस्त करायचा आणि नव्या ड्रायव्हरांना शिकवायचा. घाटात मात्र त्रेसष्टपासून त्याने गाडी घातली नव्हती.

त्याची शाळा जिनच्या अंगणात भरे. कापसाच्या गंजी लागायच्या ती दगडी फरशी हंगाम सरला की मोकळी होई. तिच्यावर तो चुन्याच्या रेघा मारी, रॉकेलचे रिकामे डबे मांडी आणि कुजलेली सरकी पसरी. सरकीच्या गोल बियांवर चाक गेले की ट्रक साबणावर गेल्यासारखा घसरे. ताशी दहाच्या वेगातच घसरे, आणि डब्याखेरीज कुणाला काही लागत नसे. घसरलेली गाडी सावरायची कशी, हे तो महिनामहिना शिकवी. मग पाण्याने भरलेला लोटा एकदा आपल्या सीटजवळ ठेवी आणि एकदा मागच्या फळीजवळ. सीटजवळच्या लोट्यात अर्धे पाणी उरे. मागच्या लोट्यात थेंब उरत नसे. वेग दुप्पट केला की फेक चौपट होते, हे त्याने पुस्तकात वाचले नव्हते, लोट्यात पाहिले होते.

"तुमचं सारं बरोबर हाय उस्ताद," फय्याज म्हणाला, "पन तुमच्या आंगनात काटा दहाच्या वर जात नाई. डबड्याभवती फिरून कोनी डायवर झाला का? घाट घाटात शिकतात. अन् ज्या मोडाले तुमचं नाव हाय, तिथं म्या शेपूट मारली तं माह्यंच चुकलं?"

"मांगं बाया असतात, गद्ध्या!"

"त्याहिले मजा येते. वरडतात."

"मजेनं वरडत नाई आमी!" फरशीवर गाठोडी बांधत बसलेली सोनीबाई तिकडूनच कडाडली. "दोन दोन थापा मारतो फळीवर, हात सुजतो माह्या. थांबते का तो? मुडद्या, कमलीबाईचं भगोनं मागल्या शनिवारी दरीत गेलं, त्याच्या जागी ती गेली असती तं?"

ट्रकच्या फळीवर एक थाप म्हणजे चल, दोन थापा म्हणजे थांब. वऱ्हाडातल्या कुठल्याही ट्रकवर हाच कायदा. मागच्या माणसाकडे दुसरे काही नसते. ना चाक, ना ब्रेक. फक्त तळहात.

सोनीबाई घाटापलीकडच्या तांड्यावरची. ती, कमलीबाई, रामीबाई आणि आणखी चार बाया आठवडाभर जिनात राबत आणि शनिवारी दुपारी अकोल्याकडे निघालेल्या ट्रकवर बसून घरी जात. चौऱ्याहत्तरच्या एप्रिलमधला हा शेवटचा शनिवार होता. हंगाम संपला होता, म्हणून भांडीकुंडी, गोधड्या, सगळा संसार बरोबर होता.

फाटकावर राखणीला तिचा भाऊ बसलेला होता, देवला. डावा पाय गुडघ्याखाली नाही, काखेत बाभळीची कुबडी, आणि शेजारी एक पत्र्याचा डबा. डब्यात लाल मिरच्या. डोळा जड झाला की देवला एक मिरची दाताखाली धरी. अकरा वर्षांत त्याला फाटकावर पेंगताना कुणी पाहिले नव्हते. तरी येणारा प्रत्येक ड्रायव्हर खिडकीतून ओरडे, "देवला, जागा हायेस का?" आणि देवला ओशाळे हसून म्हणे, "जागा हाय बाप्पा, जागा हाय."

कारण अकरा वर्षांपूर्वी देवला शफीकचा क्लीनर होता, आणि सरकीच्या पोत्यांवर झोप लागून तो घाटात पडला, असे सगळ्यांना ठाऊक होते. देवलालाही तसेच ठाऊक होते. डोक्याला मार लागला होता. त्या दिवसातले त्याला काहीच आठवत नसे.

शफीक तरातरा सेठच्या कचेरीत गेला. दुलीचंद सेठ गादीवर बसून ताक पीत होते.

"सेठजी, फय्याजले ट्रकवरून उतरवा. आजच."

"काहून?"

"घाटात शेपूट मारून राह्यला. मांगं बायका बसवून."

सेठनी पेला खाली ठेवला. "शफीकभाई, त्याची गाडी येळेवर पोचते. डिझल कमी लागते. अन् बाया काय मी बसवतो का? त्याहिच्या मर्जीनं बसतात. आता देवला पडला, तं मी त्याले हाकलला का? डूटीवर झोपला होता तरी ठेवला ना? सांगा!"

  अकरा वर्षांपूर्वी याच कचेरीत, याच गादीपुढे उभे राहून 'तो झोपला होता सेठजी' हे चार शब्द शफीकने स्वतः उच्चारले होते. आता ते सेठच्या तोंडून ताकाच्या वासासकट परत आले होते.

तो बाहेर आला तेव्हा बाया ट्रकमध्ये चढत होत्या. फय्याज चाकामागे बसून शीळ घालत होता.

"उतरा साऱ्याजनी! गाठोडे ऱ्हाऊ द्या, तुमी उतरा!"

"आता काय झालं?" रामीबाई म्हणाली.

"उतरा म्हनलं ना!" शफीकने कोपऱ्यातले सरकीचे पोते ओढत आणले, पेचकसाने फाडले आणि चुन्याच्या रेघेवर उपडे केले. दुसरे केले. तिसरे केले. कुजक्या सरकीचा आंबट वास सगळ्या अंगणात पसरला. देवला कुबडी टेकत, मिरच्यांचा डबा हातात घेऊन जवळ आला. शफीकमिस्त्री रागावतो हे सर्वांना माहीत होते, पण हा राग काही वेगळाच दिसत होता. 

"खाली उतर," तो फय्याजला म्हणाला. "मांगं जाऊन उभा ऱ्हा. फळीपाशी."

"मी?"

"तूच. जिथं सोनीबाई बसते तिथं. आंगनच हाय ना? काटा दहाच्या वर जात नाई ना? मंग कायले भेतं?"

बाया हसल्या. फय्याजला ते हसू झोंबले. त्याने मागच्या फळीवर उडी मारली, एका हाताने साखळी धरली आणि दुसऱ्या हाताने बायांना सलाम ठोकला. "चला उस्ताद!" असे म्हणत त्याने फळीवर एक थाप मारली.

पहिल्या फेरीत शफीकने गाडी सरळ नेली. दुसऱ्या फेरीत काटा पंधरावर गेला. सरकीवर पोचताच त्याने चाक कापले, ब्रेकला लाथ दिली, आणि मागचा भाग झपकन बाहेर गेला. चाकामागे बसलेल्याला नुसता झोका बसतो, गोड झोका; पाळण्यात बसल्यासारखा. तो झोका शफीकच्या कमरेला अकरा वर्षांनंतरही ओळखीचा वाटला, आणि त्याला स्वतःची किळस आली.

फय्याजचे पाय सरकले. सलामाचा हातही साखळीला गेला. तिसऱ्या फेरीत काटा वीसवर होता. मागे फळीवर थाप पडली. लगेच दुसरी.

शफीक थांबला नाही.

पुन्हा दोन थापा. या वेळी मुठीच्या. "उस्ताद! ओ उस्ताद!"

शफीकने चाक कापले. शेपूट सरकीवरून सर्रकन गेली. माणूस फेकला जातो तो गाडी सरकते तेव्हा नाही. सरकती चाके कोरड्या दगडावर येऊन एकदम पकड घेतात, गाडी थांबते आणि माणूस थांबत नाही, तेव्हा. तसेच झाले. साखळी फय्याजच्या हातातून सुटली, तो फळीवरून उडाला आणि सरकीच्या ढिगात तोंडावर पडला. एक डबा गडगडत फाटकापर्यंत गेला.

सोनीबाईने त्याला उठवले. ओठ फुटला होता, कोपर सोलले होते, नाकात सरकी गेली होती. शफीक खाली उतरला तसा तो त्याच्या अंगावर धावून गेला.

"दोन थापा मारल्या की म्या! दोन डाव मारल्या! बहिरे झाले का तुमी? ऐकू नाई आल्या?"

"आल्या."

"मंग थांबले काहून नाई?"

शफीकने त्याच्याकडे पाहिले नाही. तो देवलाकडे पाहत होता.

"देवलाच्याबी ऐकू आल्या होत्या," तो म्हणाला.

  देवलाने कुबडी काखेत जरा वर सारली.

"काय म्हनलं मिस्त्री?"

"तू झोपला नव्हता, देवला. तिसऱ्या मोडाच्या अलीकडं तू दोन थापा मारल्या. मंग अजून दोन. मले साफ ऐकू आल्या. टपरीवर लोक उभे होते. म्या म्हनलं, एक डाव मारतो, मंग थांबतो."

"मी जागा होतो?"

"जागा होता."

"पुरा?"

"पुरा जागा होता. तू मले शिवी देल्ली होती. तीबी ऐकू आली."

 मग देवलाने विचारले ते असे काही, की शफीकला ते पुढे कित्येक महिने चाक खोलताना, जेवताना, नमाजाला वाकताना ऐकू येत राहिले.

"कोनती शिवी देल्ली होती रे?"



सोनीबाई पुढे आली. ती मारेल असे फय्याजला वाटले. तिने हात उचललाही, पण तो शफीकवर न पडता देवलाच्या हातातल्या मिरच्यांच्या डब्याकडे गेला. डबा तिने शफीकच्या पायांवर उपडा केला. लाल मिरच्या सरकीत विखुरल्या.

"अकरा वर्सं तिखट खाल्लं यानं," ती म्हणाली. "जेवनाची चव गेली याच्या तोंडाची. लगन मोडलं, झोपाळू म्हून. अन् तू रोज याच्या हातून फाटक उघडून घेत होता. रोज!" मग ती बायांकडे वळली. "चला गं. यष्टीनं जाऊ. गाठोडे काढा."

फय्याज गाठोडी उतरवायला पुढे झाला. कमलीबाईने त्याचा हात झिडकारला. मग काय वाटले कोणास ठाऊक, सगळ्यात जड गाठोडे तिने त्याच्याच डोक्यावर दिले, आणि तो फुटक्या ओठाने एसटी स्टँडपर्यंत त्यांच्यामागे चालत गेला.

शफीकने त्याच संध्याकाळी सेठला खरे काय ते सांगितले. सेठ म्हणाले, "जुनी गोष्ट हाय शफीकभाई. आता उकरून कोनाचा पाय वापस येनार हाय?" शफीकने गादीशेजारची ताकाची लोटी उचलून अंगणात भिरकावली. सेठनी त्याला काढून टाकले नाही. गाड्या दुरुस्त करणारा दुसरा माणूस नव्हता.

देवला शफीकशी बोलेनासा झाला. शिवी नाही, तक्रार नाही. पूर्वी दोघे दहाच्या चहाला फाटकावर एकत्र बसत, ते बंद झाले. शफीकने पाठवलेला चहा स्टुलावर तसाच गार होई. सकाळी शफीकची सायकल आली की देवला मान फिरवून बसे, आणि शफीक उतरून फाटक स्वतः ढकली.

आठ-दहा दिवसांनी, भर दुपारी, फय्याजचा ट्रक अकोल्याहून आला. शफीक फाटकाजवळच्या निंबाखाली एक चाक खोलून बसला होता. ट्रक फाटकापुढे थांबला. फय्याजचा हात भोंग्याकडे गेला आणि शफीकने आपला तेलकट हात वर केला.

फाटकाच्या खांबाला टेकून देवला झोपला होता. कुबडी बाजूला पडली होती, मान खांद्यावर कलली होती, तोंड किंचित उघडे होते. स्टुलाखाली मिरच्यांचा डबा नव्हता.

फय्याजने इंजिन बंद केले. तो खाली उतरला, फाटकाची कडी हलकेच उचलली, दार करकरणार नाही अशा बेताने पोटाने रेटत उघडले. मग ट्रक पहिल्या गिअरात, पायी चालणाऱ्याच्या चालीने आत आणला. शफीकने मागच्या चाकांकडे पाहिलेसुद्धा नाही. धूळ जिथल्या तिथे बसली.

ट्रक आल्याचे कळून सेठनी कचेरीतून हाक मारली, "देवला! ए देवला! झोपला का?"

"हो सेठजी," शफीक म्हणाला. "झोपला हाय."

आणि तो फाटक लावायला उठला.