चंदगडचा घुमारा

त्या उन्हाळ्यात आदर्शला सगळ्यात जास्त राग कुणाचा आला असेल, तर तो अर्णवचा. आणि हा अर्णव कोण, तर तो स्वतःच.

झालं ते असं. बारावीची परीक्षा आटोपून चंदगडचा आदर्श सीईटीच्या क्लाससाठी कोल्हापुरात शाहूपुरीला सयाजीमामाकडं राहायला आला. मागच्या गल्लीतले कीर्तनकार नृसिंहबुवा तेव्हा तबलजी शोधत होते. त्यांचा नेहमीचा तबलजी हात मोडून घरी बसला होता. गावच्या भजनी मंडळात आदर्शचा हात लहानपणापासून बसलेला, म्हणून मामानं त्याला बुवांपुढं नेऊन उभं केलं. बुवांची मुलगी अंतरा ह्याच्याच वयाची. मे महिन्याच्या शेवटी ती दत्ताच्या देवळात आपलं पहिलं कीर्तन करणार होती आणि त्यासाठी रोज सकाळी सराव चालायचा.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "कोणत्या पट्टीत लावणार?" हा म्हणाला, "त्यातलं मला काय ठावं न्हाय. तुम्ही गावा, मी लावतो की." ती खुदकन हसली. झालं. ते हसू ह्याच्या काळजात काट्यासारखं रुतलं. त्याच दुपारी त्यानं मोबाईलवर 'अर्णव, पुणे' असं खातं उघडलं, पुण्याच्या मावसभावाचा, उन्मेषचा, चष्म्यातला फोटो लावला आणि अंतराच्या अभंगाच्या व्हिडिओखाली अगदी पुस्तकी भाषेत लिहिलं, 'आपल्या स्वरात भाव आहे.'

तिचं उत्तर आलं. मग रोजच येऊ लागलं. आणि इथून पुढं आदर्शचे हाल सुरू झाले, कारण सकाळी सरावाला आली की अंतरा त्यालाच अर्णवचं कौतुक ऐकवायची.

"किती समजून बोलतो रे तो. तुझ्यासारखा तासाला एक शब्द नाही."

"मग त्यालाच बोलव की तबल्याला."

"बोलावणारच आहे. पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवणार आहे त्याच्यासाठी."

आदर्श हातोडी घेऊन सुरातला तबला उगीच ठोकत बसायचा. खरं सांगून टाकायचं असं त्यानं किती वेळा ठरवलं. एकदा तोंड उघडलं आणि बुवा पन्ह्याचे पेले घेऊन आले. एकदा क्लासवरनं फोन आला. एकदा तर कुणीच आलं नाही, अंतरा समोर बसून वाट बघत होती, तरी ह्याच्या तोंडून निघालं काय, तर "आज लई उकडतंय."

त्यात बुवांची बोलणी वेगळीच. समेवर येण्याआधी डग्ग्यावर तळहात घासून लांब घुमारा काढायचा, ही त्याच्या गावच्या मंडळाची खोड. बुवा हात वर करून थांबवायचे. "अरे बाळा, समेवर सरळ ये. तुझा चंदगडचा घुमारा चंदगडला ठेव. कीर्तनात शब्द बुडतात त्यानं."

एके दिवशी अंतरानं अर्णवला लिहिलं, 'तू तबला वाजवतोस म्हणालास ना? भजनी ठेका रेकॉर्ड करून पाठव. घरी एकटीनं म्हणायला होईल.' आदर्शला मोठा आनंद झाला. यात बोलायचं काही नव्हतं. त्यानं गच्चीवरची कबुतरं हाकलली, मामीला मिक्सर लावू नको म्हणून सांगितलं आणि डोळे मिटून, मन लावून पाच मिनिटं वाजवलं. पाठवून दिलं.

उत्तर आलं, 'ऐकला.' एवढंच.

तिथून अर्णवला एकेका शब्दाची उत्तरं मिळू लागली, आणि सरावात अंतरा आदर्शला नुसती पिदडू लागली.

"परत वाजव."

"काय चुकलं?"

"काही नाही. परत."

वैतागून त्यानं अर्णवला ताप आणला. 'येऊ शकणार नाही' असं कळवलं. तिनं लिहिलं, 'खुर्ची राहील.'

आणि खुर्ची राहिली. कीर्तनाच्या संध्याकाळी देऊळ भरून गेलं, तरी पहिल्या रांगेत 'राखीव' अशी चिठ्ठी लावून ती रिकामीच. गल्लीतले म्हातारे हंबीरराव तिच्यापाशी घुटमळले. "कुणाची रं ही?"

"पावणं येणार हायत, पुण्याचं," आदर्श तबल्यावरनं पुटपुटला.

"आन् आम्ही काय उभं ऱ्हायाचं व्हय?"

अंतरा नऊवारी नेसून, झांजा घेऊन उभी राहिली आणि गायला लागली, तसं देऊळ शांत झालं. पूर्वरंग झाला, बुक्का लागला, हार पडला. आख्यानाला तिनं पार्वतीचं तप घेतलं. शंकर बटूचा वेष घेऊन येतात तिथं ती थांबली, रिकाम्या खुर्चीकडं बघितलं आणि म्हणाली, "देवानं वेष घेतला खरा, पण काम झाल्यावर जागच्या जागी उतरवला. तो घालून महिनाभर हिंडला नाही." सभा हसली. आदर्शचा तळहात घसरला आणि डग्ग्यातनं लांबलचक घुमारा निघाला.

आरती झाली. कीर्तनकार नारदाच्या गादीवर असतो. गळ्यात हार आहे तोवर त्याच्या पाया पडायचं, वय बघायचं नाही. आधी बुवाच लेकीपुढं वाकले. मग रांग लागली आणि रांगेत आदर्शही आला. त्या गादीपुढं वाकल्यावर खोटं पोटात ठेवणं त्याला जमेना.

"अर्णव मीच हाय," तो पायांकडं बघतच म्हणाला.

"ठाऊक आहे. पुण्याच्या डग्ग्यातनं चंदगड ऐकू आलं, त्या दिवसापासनं. तू कधी सांगतोस म्हणून बारा दिवस वाट बघितली." मग हळूच, "पुढं हो, मागं लोक आहेत."

माणसं पांगल्यावर तो तबल्याला खोळ घालत होता. अंतरा खुर्च्या गोळा करत जवळ आली.

"तोंडानं का नाही बोललास?"

"तू हसलीवतीस की. पैल्या दिवशी."

"तुम्ही गावा, मी लावतो, असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं मला. बरं वाटलं म्हणून हसले, शहाण्या."

आदर्शला देवळाच्या खांबावर डोकं आपटावंसं वाटलं. सगळा उन्हाळा गेला होता. क्लास संपला होता, आणि उद्या सकाळी सातची चंदगडची एसटी.

"मग आता बोल," तिनं राखीव खुर्ची पुढं ओढली. "अजून रिकामीच आहे."

तो बसला. त्याची बोटं मांडीवर ठेका धरू लागली. चप्पल शोधत आलेले हंबीरराव थबकले.

"हेच व्हय ते पुण्याचं पावणं?"

"नाही आजोबा," अंतरा चिठ्ठी काढत म्हणाली, "हे चंदगडचं."