मारबतीच्या दिवशी वाजलेली सुपली

मित्रांनो, मी एक जुनी सुपली आहे, आणि तुम्ही मला न्याहाळण्याआधीच मी तुम्हाला न्याहाळून घेतलं आहे. राग धरू नका. माझा सारा जन्म तांदळातला खडा शोधण्यात गेला. समोर जे येईल त्यात खडा असणारच, असं धरूनच मी चालते.

सिहोऱ्याच्या एका बुरडाने मला बांबूच्या कामट्यांनी विणलं. बाजारात आनंदाबाईने मला उलटीपालटी करून टिचकी मारली. "वाजते तं बरी. पाहू, टिकते का." अशा बाईच्या हाती पडले, हे माझं भाग्य.

आनंदाबाई तुमसरला बाबुलाल शेठच्या राइस मिलमध्ये तांदूळ पाखडायची. शेठ माझ्यातला तांदूळ मुठीत घेऊन म्हणायचा, "आनंदाबाईचा माल म्हणजे मोती!" मला ते कौतुक कधी गोड लागलं नाही. बायकांची एवढी कदर असलेल्या माणसाच्या मिलमध्ये इंजिनचा पट्टा उघडा का? त्याला साधी जाळी का नाही? तपासणीला येणाऱ्या इन्स्पेक्टरला तो दिसत कसा नाही?

अठ्ठ्याहत्तर साली त्या पट्ट्याने सोबत पाखडणाऱ्या चंद्रभागाबाईचा पदर धरला. पदरामागे हात गेला. तिने भरपाईसाठी अर्ज केला, तेव्हा शेठ म्हणाला, "पट्टा झाकलेला होता. बाईच बेसावध."

मित्रांनो, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारा पुतळा, मिरवत काढतात. रोगराई, पीडा, सगळं ओरडून वेशीबाहेर घालवायचं. त्या दिवशीचं बोलणं कोणी मनावर घेत नाही, असा सगळ्यांचा समज. त्याच भरवशावर आनंदाबाई मिलच्या फाटकासमोर उभी राहिली आणि माझ्या पाठीवर काठी वाजवत ओरडली, "उघडा पट्टा घेऊन जाय गे मारबत! इन्स्पेक्टरले तांदूळ चारणारा बाबुलाल घेऊन जाय गे मारबत!"

लोक पोट धरून हसले. फाटकाआडचा मुनीम तेवढा हसत नव्हता. मी त्याच्याकडेच पाहत होते.

आनंदाबाईचं काम गेलं. मागोमाग अब्रूनुकसानीचा खटला आला. मग मुनीम घरी आला, गुळासारखा. "फाटकावर ये, चार लोकांत माफी माग, सांग, पट्टा झाकला होता. शेठ केस मागं घेतील. नाहीतं जेल हाये, बाई."

तसं म्हटलं की चंद्रभागाबाईचा गेलेला हात खोटा ठरणार. नाही म्हटलं की आनंदाबाई तुरुंगात.

भय्याजी वकिलांनी तिला समोर बसवलं. "पट्टा उघडा होता, हे कोणी पाह्यलं?"

"म्या. रोज."

"आन इन्स्पेक्टरले तांदूळ देताना?"

आनंदाबाई पहिल्यांदाच अडखळली. "लोक म्हणत."

"लोक म्हणत, हे कोर्टात चालत नाही. खरं असलं आन लोकांच्या भल्यासाठी बोललं असलं, तं बचाव हाये. पण खरं हे दाखवावं लागते. तुम्ही तं ऐकलेलं नाव घेऊन ओरडल्या."

"पण मारबत होती न, वकीलसाहेब!"

"कायद्याले मारबत नाही समजत, बाई."

ती थोडा वेळ माझ्या काठावरून बोट फिरवत बसली. "म्हणजे फोल उडवाचं आन दाना ठेवाचा. सांगा, साक्षीदार कोण पाहिजे?"

चंद्रभागाबाई स्वतःच भरपाई मागणारी; तिच्याशिवाय साक्षीदार एकच होती, निर्मलाबाई. ती अपघाताच्या वेळी तिथेच होती, पण अजून शेठच्याच मिलमध्ये कामाला होती. ती घरी आली तेव्हा मला वाटलं, हिला चौकशीला पाठवलेली दिसते. आनंदाबाईनेही दारातच विचारलं, "काहून आली वं? शेठनं धाडलं?"

"तुह्या हातचा कडू चहा प्याले आली. साक्षीचं मले विचारू नोको, मले लेकरं हायेत."

तारखांमागून तारखा पडल्या. मला कोणी शेणाने सारवलं नाही. माझ्या कडेच्या कामट्या सुटल्या. शेवटी मलाही भंडाऱ्याच्या कोर्टात नेलं, कारण ओरडताना वाजवली ती मीच. आरोपीबरोबर उभी राहिलेली पहिलीच सुपली मी असेन.

आनंदाबाई ताठ मानेने म्हणाली, "तांदळाचं म्या ऐकलं होतं, पाह्यलं नाही. ते मागं घेतलं. पट्ट्याचं मागं घेनार नाही."

मग निर्मलाबाईचं नाव पुकारलं. ती आली. मुनिमाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही आम्हाला बुडवते.

"पट्टा उघडा होता, साहेब. म्या चंद्रभागेचा पदर मागं ओढला. माह्या हातात नुसता फाटका तुकडा राह्यला."

पुढच्या तारखेआधीच शेठने खटला मागे घेतला. चंद्रभागाबाईला भरपाई मिळाली. पट्ट्याला जाळीही बसली. ती बायकांच्या हातांसाठी की साहेबांच्या डोळ्यांसाठी, याची मला अजून शंका आहे. पण तुमसरच्या एकाही मिलने पुढे आनंदाबाईला दारात उभं केलं नाही, आणि निर्मलाबाईलाही नाही. आता दोघी एकाच अंगणात लोकांचं धान पाखडतात. निर्मलाबाई मला हात लावते तेव्हा मी थोडी आखडतेच. सवय जात नाही.

मित्रांनो, माझ्यासारखीला ओलीत टाकू नका, सणासुदीला सारवा. आणि चारचौघांत कोणाचं नाव घेण्याआधी तोंडातलं एकदा पाखडून घ्या. फोल उडू द्या, पण घाबरून दाणा फेकू नका.

आजही मारबतीला आनंदाबाई मला खुंटीवरून काढते आणि त्याच फाटकासमोर उभी राहते. "उघडा पट्टा घेऊन जाय गे मारबत!" एवढंच ओरडते. नाव घेत नाही. मग कमरेवर हात ठेवून फाटकाकडे नुसती पाहत राहते, आणि तिच्याबरोबर सगळा रस्ता तिकडेच पाहतो.

पाहण्यावर अजून कोणी खटला भरलेला नाही.