गृहमंत्रालयाची परवानगी

ज्याने मोठी मोटारसायकल घेतली आहे, त्याला ती कशी आहे हे कधी विचारू नये. तो खरं सांगत नाही. सांगणार कसा बिचारा? एवढं मोठं धूड दारात आणून उभं केल्यावर 'चुकलं बुवा' म्हणायची हिंमत कुठून आणायची? सानपाड्याच्या दिपेशला मी विचारलं, इंजिन तापतं का? तो म्हणाला, "तापतं, पण मजा येते." मांडी भाजण्यात कसली मजा, देव जाणे. वाशीच्या केतनला विचारलं, जड आहे का? "हलेपर्यंतच जड भाई, चालायला लागली की सायकल." आणि सिग्नलला थांबल्यावर काय? त्यावर केतनने अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं.

तरीही मी तीन वर्षं विचारत राहिलो. मी अंकुश, वय त्रेचाळीस, उंची पाच फूट चार इंच. तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो, राहतो कोपरखैरण्यात. मला साडेआठशे सीसीची, उंच, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या लावलेली, घाट असो की माळरान, कुठेही घुसणारी गाडी हवी होती. तिची सीट जमिनीपासून किती मिलिमीटर वर आहे, टाकी भरल्यावर वजन किती होतं, हे सगळं मला तोंडपाठ होतं. अशा गाड्यांच्या मालकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात मालक सत्तर आणि माझ्यासारखे नुसतेच इच्छुक दहाबारा. आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी टोचायचं, "अंकुशभाऊ, कधी घेताय?" आणि मी लिहायचो, "गृहमंत्रालयाची परवानगी नाही."

हे ग्रुपवर सगळेच लिहितात. बायकोवर ढकललं की विषय मिटतो. माझा मिटेना, कारण केतन हात धुऊन मागे लागला. गेल्या दिवाळीनंतर एकदा मी कॅन्टीनमध्ये जेवत असताना त्याचा मेसेज आला, "वहिनींना एवढी कसली भीती? आम्ही दोघं-तिघं घरी येऊन समजावतो." घरी येऊन! माझा घास घशातच अडकला. मी डाव्या हाताने, एका दमात लिहून टाकलं, "तिचा सख्खा भाऊ नुकताच बाईकवर गेला. तेव्हापासून गाडीचं नाव काढलं तरी रडते."

दोन मिनिटांत सत्तेचाळीस जणांनी हात जोडले. कोणी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, कोणी पणतीचं चित्र टाकलं.

माझा मेहुणा आकाश परभणीच्या एसटी डेपोत मेकॅनिक आहे. लोक त्याला पणती लावत होते तेव्हा तो कुठल्यातरी बसखाली आडवा पडून नट आवळत असणार. ठणठणीत माणूस. दर रविवारी बहिणीला फोन करतो आणि तासभर बोलतो. मला काढून टाकता आलं असतं ते वाक्य, पण सत्तेचाळीस लोकांनी हात जोडल्यावर काय सांगू? की मेहुणा परत आला?

आणि ज्या बायकोच्या भीतीवर मी तीन वर्षं काढली, त्या संघप्रियाला यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं. ती नेरूळच्या एका हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डाची नर्स आहे. मला असली गाडी हवी आहे हेसुद्धा मी तिला कधी धड सांगितलं नव्हतं. ती नाही म्हणाली नव्हती, कारण मी विचारलंच नव्हतं.

फेब्रुवारीत नावड्याच्या कमळाकरशेठचा मेसेज आला. शेठ ग्रुपमधले सर्वांत वडीलधारे, साठीचे. आगरी माणूस, भातशेती गेली, आता चाळी भाड्याने दिल्यात. त्यांच्याकडे गाडीबद्दल मत मागायला जाणाऱ्याला दोन अटी असतात. एक, जोडीने यायचं, कारण मागे बसणाऱ्यालाही गाडी कळली पाहिजे. दोन, ते स्वतःची गाडी अंगणात गोणपाटांवर आडवी करतात आणि म्हणतात, उचल. एकट्याने उचलली तरच मत मिळतं. त्यांनी लिहिलं होतं, "रविवारी वयनीला घेऊन ये. माजी बायको तिच्याशी बोलल." खाली केतन, दिपेश आणि आणखी वीस जणांचे अंगठे. माझे परतीचे दोर कापले गेले.

माझा बेत असा होता, की बायका आत मुलाबाळांचं बोलत बसतील आणि मी बाहेर अंगणात शेठला गाठीन. गाडी उचलता आली नाही की आपोआप विषय संपेल. संघप्रियाला एवढंच सांगितलं, "एका शेठकडे जायचंय, त्यांची गाडी बघायला." ती म्हणाली, "बघू या की. रविवारी तेवढीच चक्कर." तिच्या स्कूटीवरूनच निघालो. मी पुढे, ती मागे. वाटेत कळंबोलीला ती माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी गुणगुणत होती, हे मला आता आठवतं तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

शेठचं घर तीन मजली, पुढे फरशीचं अंगण. गाडी हिरव्या ताडपत्रीखाली उभी. आम्ही चप्पल काढतोय तोच शेठची बायको पुतळाकाकू आतून आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ संघप्रियाचे दोन्ही हात धरले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"ये बाय, ये. मना समदं समजलं. भाव गेला म्हंजे म्हायेरच गेलं गं."

संघप्रिया कसनुशी हसली. तिला वाटलं, म्हातारी दुसऱ्या कोणाबद्दल बोलतेय. "कोणाचा भाऊ, मावशी?"

"तुजा गं बाय. माजा बी असाच गेला, तळोज्याच्या रस्त्यावं, गाडीवं. बावीस वरसां झाली. अजून भाऊबीजंला ताट काढतंय मी त्याचं. म्हनून तर बोलले, हिला घेऊन या. आज गोड बी नाय केलं तुज्यासाठी, वरीस सरलं नाय ना अजून."

मी मध्ये पडायला हवं होतं. मी काढलेल्या चपला सरळ करत राहिलो. संघप्रियाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं आणि तिने माझ्याकडे पाहिलं. तिला काय वाटलं असेल हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंही नव्हतं. तिला वाटलं, आकाश खरंच गेलाय. सगळ्यांना कळलंय, फक्त तिला सांगितलेलं नाही. आणि मी तिला ते सांगण्यासाठीच, अनोळखी बाईच्या आधाराने, इथवर आणलंय.

"आकाशला काय झालं?" ती म्हणाली. आवाज तिचा नव्हताच. "अहो, आकाशला काय झालं? कधी? मला हे सांगायला इथे आणलंत?"

आणि ती मटकन फरशीवर बसली. हाडांच्या वॉर्डात सोळा वर्षं काढलेली बाई, तुटलेले पाय बघून जिच्या पापणीचा केसही हलत नाही, ती फरशीवरून उठेना. पुतळाकाकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"काही झालं नाही," मी ओरडलोच. "प्रिया, काहीही झालं नाही! आकाश ठीक आहे. मी... मी खोटं लिहिलं. ग्रुपवर. गाडी का घेत नाही म्हणून विचारत होते, म्हणून मी लिहिलं की तुझा भाऊ..."

शेठ दारात उभे होते. पुतळाकाकूंचा हात संघप्रियाच्या पाठीवर तसाच थांबला.

संघप्रियाने फोन काढला आणि आकाशला लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली. वाजून वाजून बंद झाली. तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच. आणि माझी कमाल बघा, आता मलाही भीती वाटायला लागली. मीच रचलेली गोष्ट, मलाच पक्कं ठाऊक की ती खोटी, आणि तरी मी तिच्या फोनकडे डोळे लावून उभा. रविवार, सकाळचे अकरा. हा फोन का उचलत नाही?

"तो बसखाली असेल," मी म्हणालो. "रविवारी ड्यूटी असली की..."

"गप बस," संघप्रिया म्हणाली. "तू एक शब्द बोलू नकोस."

सतरा वर्षांच्या संसारात तिने मला पहिल्यांदा 'तू' म्हटलं.

शेठनी मला मानेनेच बाहेर बोलावलं. अंगणात त्यांनी ताडपत्री ओढली, गाडी गोणपाटांवर उजव्या बाजूला आडवी केली आणि म्हणाले, "उचल."

"शेठ, आता कसलं..."

"उचल बोललो ना. आलास ना मत घ्यायला?"

मी हँडल धरलं, पाय रोवले आणि ओढलं. गाडी वीतभर वर आली आणि धप्पकन खाली बसली. पुन्हा ओढलं. कमरेत कळ आली. तिसऱ्यांदा मी गाडीच्या टाकीवरच ओणवा झालो.

"बायको घाबरतं बोललास," शेठ म्हणाले. "कोन घाबरतं?"

"मी," मी म्हणालो. श्वास लागला होता, खोटं बोलायला दम उरला नव्हता. "तीन वर्षांपूर्वी शोरूममध्ये चालवून बघितली. बाहेर पडताना उतार होता. पाय टेकलाच नाही. गाडी कलायला लागली, दोघांनी धावत येऊन धरली. तेव्हापासून मी घाबरतो."

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. मागे वळलो तर संघप्रिया पायरीवर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

ती खाली आली आणि फोन माझ्या हातात दिला. "वाजला की लगेच दे." मग तिने ओढणी कमरेला खोचली, आडव्या गाडीभोवती एक फेरी मारली, आणि वाकून आधी स्टँड बाहेर काढला. मला तो सुचलाच नव्हता. माझ्याने गाडी उचलली गेलीच असती, तर ती पलीकडच्या बाजूला पडली असती. शेठनी भुवया उंचावल्या. संघप्रिया गाडीकडे पाठ करून सीटला टेकली, गुडघ्यांत वाकली, एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्याने मागची कडी, आणि हातांनी अजिबात न ओढता, नुसत्या पायांच्या जोरावर, एकेक पाऊल मागे टाकत ती उठली. गाडी तिच्या पाठीबरोबर वर आली आणि स्टँडवर अलगद टेकली.

"नव्वद किलोचा पेशंट असाच उठवतात," ती शेठना म्हणाली. "पाठीने नाही, पायांनी." तिचे डोळे लाल होते. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. फक्त हात पुढे केला, फोनसाठी. फोन वाजला नव्हता.

"बाय, तुला गाडी येतं चालवायला?" शेठनी विचारलं.

"बाबांची राजदूत होती. दहावीत असताना मी आणि आकाश शेतावर न्यायचो."

हेही मला माहीत नव्हतं. सतरा वर्षं.

"तर मत आयक," शेठ मला म्हणाले. "गाडी चांगली हाय. तू चांगला नाय. घ्यायची तर हिच्या नावावं घे, मागं बसाची लायकी झाली तर बस."

निघताना पुतळाकाकू आल्या. डोळे पुसलेले, चेहरा दगडासारखा. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्या दोन पावलं मागे सरकल्या. बावीस वर्षं जपलेलं दुःख त्यांनी विश्वासाने बाहेर काढलं होतं आणि मी त्याची काय किंमत केली, हे त्यांच्या त्या दोन पावलांत मला पुरेपूर कळलं. त्यांनी कागदात बांधलेला गुळाचा खडा संघप्रियाच्या मुठीत दिला. "भावाचा आवाज आयकलास का खा. तुजा हाय गं, बाय. जिता हाय. तोंड गोड कर." मला त्यांनी काही दिलं नाही.

स्कूटीची चावी संघप्रियाने माझ्या हातातून काढून घेतली. ती पुढे, मी मागे. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो आणि तसाच मागे घेऊन सीटमागची कडी धरली. दर सिग्नलला ती थांबायची, फोन बघायची. माझ्या खिशात ग्रुप खणखणत होता. केतन विचारत असणार, उचलली का, वहिनी तयार झाल्या का.

खारघरच्या उत्सव चौकाच्या अलीकडे तिचा फोन वाजला. तिने स्कूटी कडेला घेतली, स्टँड लावायचंही विसरली, मी दोन्ही पायांनी गाडी सावरून धरली. पडद्यावर 'आकाश' लिहिलं होतं. तिने बटण दाबलं, स्पीकर लावला, पण बोलता येईना तिला.

"ताई? हॅलो? दोन मिस्ड कॉल? अगं बसखाली होतो, हात सगळे ग्रीसचे. ताई, बोल ना."

तिने फोन माझ्या तोंडापुढे धरला. "सांग त्याला. सगळ्यांना जे सांगितलंस ते त्याला सांग."

"आकाश," मी म्हणालो. "तू बरा आहेस ना?"

पलीकडे तो मोकळेपणाने हसला, मागे कुठेतरी बसचा हॉर्न वाजला.

"मला काय धाड भरलीय, दाजी?"

संघप्रियाने कागद सोडला, गुळाचा खडा अख्खाच तोंडात टाकला आणि रडत रडत चावायला लागली. फोन तिने माझ्या तोंडापुढून हलवला नव्हता. ती वाट बघत होती.