बाईंचा चहा

विभागातली धाकटी प्राध्यापिका गुडघ्यांवर बसून चहाच्या टेबलाखालून वायर ओढत होती, तेवढ्यात विभागप्रमुख तिच्या डोक्याशी येऊन उभे राहिले.

“हे काय चाललंय?”

“बाईंना चहाला आणतेय, सर.”

कपांच्या रांगेत तिने एक पडदा उभा केला होता, माणसाच्या तोंडाएवढाच. शेजारी माइक, पुढे एक रिकामी खुर्ची.

“दुकानात टीव्ही विकायला मांडतात तसं दिसतंय,” प्रमुख म्हणाले. “आत भिंतीएवढा पडदा आहे की! भाषणं ऐकू येतात ना? आणखी काय पाहिजे त्यांना?”

हाच प्रश्न धाकटीने परिषदेत घरून भाग घेणाऱ्या प्रत्येकाला फोन करून विचारला होता. त्याआधी कुणाला सुचलाही नव्हता. कॅमेरा लावला, लिंक पाठवली, की परिषद भरवणाऱ्यांचं काम संपलं. मंचावर मोठ्यांनी मोठ्यांचे आभार मानायचे आणि घरी बसलेल्यांनी ते निमूट बघायचं, शेजारच्यांचं लग्न खिडकीतून बघावं तसं. एक बाळंतीण म्हणाली, माझं भाषण दुपारी लावा, बाळ तेव्हाच झोपतं. एकाला कमी ऐकू यायचं, त्याला बोललेलं खाली लिहून हवं होतं. आणि बाई म्हणाल्या होत्या, “मला चहा पाहिजे.”

“चहा?”

“भाषणं काय गं, मागाहून वाचता येतात. खरं बोलणं चहाला होतं. आणि चहा आला रे आला की तुम्ही मला बंद करता.”

बाईंनी आयुष्य जाळी विणणाऱ्या कोळ्यांच्या अभ्यासात घातलं होतं. इथल्या अर्ध्या लोकांना त्यांनीच शिकवलं होतं. नवऱ्याला अर्धांगवायू झाला, बाईंचं रानात जाणं सुटलं, तेव्हा त्या घरच्या खिडकीतल्या कोळ्यांवर लिहायला लागल्या. दर वर्षी पडद्यावरून वाचायच्या. दर वर्षी टाळ्या. प्रश्न एकही नाही.

“यंदा हौस भागवून घ्या,” प्रमुख म्हणाले. “पुढच्या वर्षीपासून ज्याला जमेल त्याने यावं. हे तारांचं लफडं बंद.”

सत्र सुटलं आणि माणसं चहावर तुटून पडली. जो तो पडद्याला वळसा घालून बिस्किटं उचलत होता. एकाने तर बशी बाईंच्या तोंडासमोरच टेकवली. धाकटीने ती सरकवली. पडद्यात बाई स्वतःचा कप घेऊन बसल्या होत्या, कुणी बोलेल म्हणून.

बाईंचा जुना विद्यार्थी, आता दाढीवाला प्राध्यापक, पडद्याकडे पाठ करून चहात बिस्किट बुडवत होता.

“बाईंचं सकाळचं भाषण साफ चूक आहे हो,” तो शेजाऱ्याला म्हणाला. “कोळी रात्र सरली की जाळं गुंडाळतो, आणि बाईंचे म्हणे वाटेल त्या वेळी!”

“मग विचारायचं ना आत.”

“कशाला? आधीच बिचाऱ्यांच्या घरी एवढं… आपण टाळ्या वाजवायच्या.”

“तोंडावर बोल की रे!” मागून आवाज आला. “तोंड इथेच आहे.”

दाढीवाल्याचं बिस्किट चहात पडलं.

“म्हणजे इतकी वर्षं त्या टाळ्या…” बाईंनी वाक्य अर्धंच सोडलं. कप खाली ठेवला. टेबलाभोवतीचे सगळे आपापल्या कपात बघू लागले. “बस त्या खुर्चीवर. काय चुकलंय ते सांग.”

तो बसला.

“बाई, त्या खिडकीत रात्री दिवा असतो का?”

“असतो. रात्रभर. यांची कूस बदलावी लागते.”

त्याने मान खाली घातली. सहज उठून जाता आलं असतं. पण तो उठला नाही.

“मग त्या कोळ्यांना रात्र कधी होते?”

बाईंनी मान वळवून आपल्या खिडकीकडे बघितलं.

“न्हाणीघरातला एक आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “तिथे अंधार असतो. तो वेळच्या वेळी गुंडाळतो. विक्षिप्त आहे म्हणून मी त्याला लेखातून सोडून दिला.”

“सोडून दिलात? बाई! अहो, तोच एकटा शहाणा!”

“शहाणा तो, की तू? मग स्वयंपाकघरातल्याचं काय? बोल!”

“त्याच्यावर उजेड कुठून पडतो, ते आधी सांगा!”

खुर्च्या ओढल्या गेल्या. कुणी खडू आणला, कुणी टेबलावरच बाईंच्या घराचा नकाशा काढला. दोघंही एकदम बोलत होती, एकमेकांचं वाक्य तोडत होती, आणि बाईंचे केस कानांवरून सुटले होते.

“वेळ झाली, आत चला,” प्रमुख दारातून ओरडले. कुणी वळून बघितलं नाही. ते तरातरा टेबलापाशी आले.

बाई हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांनी मान मागे वळवली.

“अहो, ऐकलंत का? मी चुकले!”

आतून एक जड जीभ सावकाश म्हणाली, “आज… कळलं?”

सगळं टेबल हसलं. प्रमुखांनी घड्याळाकडे बघितलं, मग टेबलावरच्या नकाशाकडे बघितलं.

“सरका जरा,” ते म्हणाले. “बाई, तो न्हाणीघरातला नर आहे की मादी?”