पप्पांचा होकार

"हां हां साब, एकदम फ्रेश है. अभी निकलती है," असं म्हणून सुधाकरनं लेकीचा मोबाइल ठेवला आणि चपला न घालताच शेजारच्या गोटूची भाड्याची गाडी सांगायला पळाला.

बुधवारा मोहल्ल्यातल्या त्या घरातून कामाचा फोन कधी कुणी परतवला नव्हता. सुधाकरनं पॉवरलूमवर तीस वर्षं काढली. कारखान्यातून बोलावणं आलं की हातातला घास ताटात ठेवून निघायचा. हा तर विमान कंपनीचा फोन! ज्योत्स्नाला को-पायलट होऊन आठच महिने झालेले. काल दुपारी घरी आली, जेवली, रात्री लवकर आडवी झाली ती अजून उठली नव्हती.

त्याच्या बायकोनं, वंदनानं, घाईनं पोळ्या लाटल्या, दराब्याच्या मिठाईचा डबा भरला. गोटूनं दारात हॉर्न मारला तेव्हा ज्योत्स्ना विस्कटलेल्या केसांनी बाहेर आली.

"कोण चाललंय?"

"तू. इंदूरहून रात्रीचं विमान आहे. मी हो म्हटलं."

"तुम्ही?" तिचा आवाज चढला. "मग विमान पण तुम्हीच उडवा ना, पप्पा!"

"अगं, चार तास गाडीत झोप की!"

"गाडीतली झोप धरत नाहीत. सहा दिवस उडवलंय मी, त्यात दोन रात्री जागून. आता अठ्ठेचाळीस तास आराम, मधी दोन रात्री पूर्ण, असा कायदाच आहे. माझी एकच झालीये. थकलेली असून बसले तर लायसन्स जाईल."

"अन् नाही गेलीस तर नोकरी जाईल!"

वंदना डबा छातीशी धरून उभी. गोटूनं गाडी बंद केली, पण उतरला नाही. भांडण नीट ऐकू यावं म्हणून काच तेवढी खाली घेतली.

ज्योत्स्नानं कंपनीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मैडम, घर से बताया कि आप फ्रेश हैं."

"वो मेरे पप्पा थे. मैं सो रही थी."

 पलीकडं कीबोर्डचा खडखडाट झाला. 

"आपका रेस्ट कल दोपहर तक है. घरवालों की हाँ हमारे यहाँ नहीं चलती, मैडम. कॉल गलती से गया, सॉरी. दूसरे को भेज रहे हैं. आप सो जाइए."

सुधाकर ओट्यावर मटकन बसला.

"सॉरी म्हणाला तो?"

"हो."

"कामाला नाही म्हटलं तरी?"

"हो, पप्पा."

तो आधी नुसता हसला, मग डोळे पुसेपर्यंत हसला. "जा रे गोटू, रद्द!"

"काका, मग मी पण झोपतो."

"तू जागा कधी असतोस?"

गाडी गेली. ज्योत्स्ना आत जाऊन पडली. बऱ्याच वेळानं सुधाकरला चहाची तलफ आली.

"अगं, चहा टाक."

चहा काही आला नाही. त्यानं आत डोकावलं. भर दुपारी वंदना लेकीशेजारी आडवी होती, तोंडावर पदर.

"बरं नाही का गं?"

"बरीये," पदराआडून आवाज आला. "माझा पण आराम लागलाय. उद्या दुपारपर्यंत."

ज्योत्स्ना डोळे मिटूनच हसली.

सुधाकर स्वयंपाकघरात गेला. साखर तिसऱ्या डब्यात सापडली. चहापत्ती कुठं ते विचारायला तो परत दारापर्यंत आला, दोघींकडं बघितलं, आणि न विचारताच मागं फिरला.