खेकड्याची नांगी

आतिऊ बेटावर मेलेल्या माणसाला तिवाएवाएत गुंडाळून मातीत ठेवतात. कापडाची फुलं टाचलेली ही मोठी चादर प्रत्येकाच्या नावची असतेच. तेपाएरूच्या नावची मात्र नव्हती. तिच्या हातच्या चादरी गावातल्या लग्नांत वाटल्या गेल्या, आगबोटीने परमुलखात गेल्या. स्वतःसाठी तिने एकही ठेवली नाही.

घरात उरली होती ती नूरोआची. "खोकतोस किती! आधी तूच जाणार," म्हणत तिनेच नवऱ्यासाठी केलेली.

तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाकीच्या बाया फुलं टाचत. हिने नूरोआ पकडून आणायचा ते खेकडे टाचले. बाया हसत, तर म्हणायची, "फुलं कुणी खातं का?" एका खेकड्याची नांगी तिने मुद्दाम शिवायची बाकी ठेवली होती. "ती शिवली की तू मरायला मोकळा. शिवतच नाही जा."

आता तीच आधी जाऊन चटईवर निजली होती. अंगणात खड्डा तयार होता.

"दाजी, द्या ती चादर," मेहुणी मिई म्हणाली.

"माझी आहे."

"मग अक्काला काय तशीच पाठवायची?"

नूरोआ चादर मांडीवर घेऊन बसून राहिला. ही चादर गेली की तिच्या हातचं घरात काही राहणार नव्हतं. मयताची गाणी म्हणणाऱ्या बाया थांबल्या. मग तो म्हणाला, "सुई दे. अर्धी चादर घालून नाही जायची ती."

"आम्ही शिवतो की. तुमचा हात जाळ्याचा."

"नांगी माझ्यासाठी ठेवली होती तिने."

त्याने जाडजूड टाके घातले, गाठ मारली आणि उठला, तर चादरीबरोबर विजारही वर आली. चादर गुडघ्याला शिवली गेली होती. आधी एक बाई फिसकन हसली, मग सगळ्याच. मिई हसता हसता रडायला लागली. "अहो दाजी, अक्काने सगळं उसवायला लावलं असतं!"

ती कात्री घेऊन वाकली. त्याने टाक्यांवर हात ठेवला.

"दोरा नको. विजार काप."

"रविवारची आहे हो!"

"काप."

विजारीचा तुकडा नांगीखाली तसाच राहिला. ती बाजू आत येईल अशी चादर त्याने स्वतः तिच्या छातीवर दुमडली.

रविवारी तो तीच विजार घालून चर्चला निघाला. फाटकात मिईने अडवलं. "द्या इकडे, ठिगळ लावते."

"राहू दे," तो म्हणाला. "तुकडा तिच्याकडे आहे."